मटण मऊ करायच्या गोळ्या

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अराबा खोटं बोलली नाही. तिच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे, तेव्हा ती आधीच सांगून टाकलेली बरी.

"घरी काय काय दिलंत त्यांना? गोळ्या, काढे, झाडपाला, जे असेल ते सांगा. मी ओरडणार नाही," डॉक्टर सेलॉम म्हणाल्या. बाई तरुण होत्या, पूर्वेकडच्या व्होल्टा प्रांतातल्या. मास्कच्या वर नुसते थकलेले डोळे दिसत होते.

अराबाने आठवून आठवून सांगितलं. तिच्या थोरल्या भावाला, एकोदादाला, आधी खोकला झाला, मग ताप चढला. त्याची बायको कुकुआ त्याला तापावर पॅराच्या, म्हणजे पॅरासिटामॉलच्या, गोळ्या देत होती, दोन सकाळी, दोन दुपारी, दोन झोपताना. शिवाय कडुनिंबाच्या पाल्याचा काढा. डोक्यावरून चादर घेऊन वाफही घेतली होती.

"आणखी काही?"

अराबाने नाही म्हणून मान हलवली. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला रश्श्याचा डबा होता, अजून गरम. त्या रश्श्यात बोकडाचं मटण होतं आणि मटणात कुटून टाकलेल्या पॅराच्या गोळ्या होत्या. पण तिच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. औषध म्हणजे जे पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचं ते. हंडीत पडलं की ते औषध कसलं? मिठाला कोणी औषध म्हणतं का?

हे गोळ्यांचं प्रकरण नीट सांगायला हवं. साल्टपाँडच्या गाडीतळाला लागून अराबाची खानावळ आहे. दुपारी फुफूचे, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचे, गोळे आणि पातळ, झणझणीत रस्सा. गिऱ्हाईक सगळं ड्रायव्हर-कंडक्टर, नाहीतर समुद्रावरून आलेले कोळी. हात धुऊन बाकावर बसलं की त्यांना पुढ्यात वाडगा दिसायला हवा. "अजून शिजतंय" म्हटलं की उठून समोरच्या खानावळीत. आणि मटण तर शिजता शिजत नाही. उत्तरेकडून येणारे बोकड आपल्याकडे पोचेपर्यंत म्हातारे झालेले असतात. कोळशाचा भाव तर विचारूच नका. तेव्हा फार वर्षांपूर्वी बाजारातल्या एका बाईने अराबाच्या कानात सांगितलं, "पॅराच्या गोळ्या कुटून टाक गं मूठभर. कातडंसुद्धा लोण्यासारखं होतं." अराबाने टाकल्या, आणि खरंच झालं. कडवटपणा मिरचीत बुडून गेला. त्या रस्त्यावरच्या निम्म्या हंड्यांत हेच चालतं, आणि प्रत्येक बाई गळ्याला हात लावून सांगते की दुसऱ्या करतात, मी नाही.

एकोदादाचा या मटणावर भारी जीव. तो होड्यांवर नावं रंगवायचा. हातात ब्रश आणि तोंडात बडबड. पुढचे दात पडलेले, म्हणून चिवट काही चावायची पंचाईत. "आमच्या अराबाच्या हंडीतलं मटण तान्ह्या पोराला द्या, गिळेल," असं तो किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत सुटायचा. अराबा वरवर रागवायची, आतून फुलायची.

एको राहायचा आईकडच्या घरी, खानावळीच्या मागच्याच अंगणात. कुकुआ राहायची खाडीपलीकडे तिच्या आईच्या घरात; ती माणसं मूळची विनेबाची. आमच्याकडे हे असंच असतं. नवरा आपल्या आईच्या घरी, बायको आपल्या आईच्या घरी, आणि संध्याकाळी बायकोच्या घरून झाकलेला वाडगा येतो. त्या वाडग्यावर सगळ्या आळीचं लक्ष असतं. ज्याच्याकडे वाडगा येतो त्याचा संसार धड. ज्याच्याकडे यायचा थांबला त्याच्याविषयी विहिरीवर कुजबुज सुरू होते. कुकुआचा वाडगा कधी चुकला नव्हता.

एको आजारी पडला तेव्हा तो वाडगा अराबाने बंद केला. "तू काढा आणि गोळ्या बघ, जेवणाचं मी बघते," तिने कुकुआला सांगितलं. त्याच्यासाठी तिने रोज वेगळी छोटी हंडी चढवली. दम लागत होता त्याला, चावायची ताकद नव्हती. मटण जिभेवर विरघळायला हवं होतं. म्हणून मोठ्या हंडीत टाकायची तेवढीच मूठ तिने त्या छोट्या हंडीत टाकली, रोज, आणि तो रस्सा त्याला तळापर्यंत पाजला. मायेने पाजला, त्यात खोट नाही. पण मायेने झालेल्या चुकीला शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

डॉक्टर सेलॉम यांनी रक्ताचे कागद पुन्हा पाहिले. करोना होताच, तो छातीत बसला होता. पण लिव्हरही सुजलं होतं.

"या आजारात काही जणांच्या लिव्हरवर परिणाम होतो," त्या म्हणाल्या. "बहुतेकांचा आपोआप उतरतो. यांचा मात्र जरा जास्तच दिसतोय. आजपासून काढा बंद. पॅरा तर अजिबात नाही, अर्धी गोळीसुद्धा पोटात जाता कामा नये. ताप आला तर ओल्या फडक्याने पुसा."

"नाही जाणार, डॉक्टर. मी बसलेय ना राखण करायला," अराबा म्हणाली.

एका रोग्यामागे एकाच नातेवाइकाला आत सोडत. घरच्यांनी अराबाला नेमलं होतं. ती प्लास्टिकचा झगा चढवून आत गेली, एकोच्या उशीखालची पॅराची पाकिटं तिने स्वतःच्या हाताने काढून नर्सच्या हवाली केली आणि मग डबा उघडून त्याला चमच्या-चमच्याने रस्सा पाजला.

"फार मऊ झालंय आज," एको धापा टाकत म्हणाला.

"बोलू नको. गिळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खानावळीत मोठी हंडी चढवत होती. छोटीही शेजारी होतीच. आल्याच्या टोपलीखालून तिने पाकीट काढलं आणि सवयीने अंगठ्याने एकेक गोळी खलबत्त्यात पाडायला लागली. दोन-चार पडल्या आणि तिचा अंगठा थांबला. हेच पाकीट काल तिने नर्सच्या हातात दिलं होतं. हेच, याच रंगाचं, यावर हेच नाव.

ती बुटक्या स्टुलावर बसली. अर्धी गोळीसुद्धा नाही, म्हणाल्या होत्या. त्यानंतरही तिने गोळ्या घातलेला डबाभर रस्सा पाजला होता. त्याआधी किती गोळ्या पाजल्या ते मोजायची तिची छाती होईना. मग मनाने पळवाटा शोधायला सुरुवात केली. एवढं रटरट उकळल्यावर गोळीत राहतंय काय? आणि इतकी वर्षं सगळा गाडीतळ खातोय, कोणाला काय झालं? खलबत्त्यातलं तिने गटारात ओतलं. छोटी हंडी घासली, पुन्हा घासली, आणि नुसत्या मटणाची चढवली. कोळसा जळत गेला, मटण चिवटच राहिलं. शेवटी तिने नुसतं पाणी गाळून घेतलं.

दवाखान्याच्या वाटेवर ती डॉक्टरांना काय सांगायचं ते घोकत गेली. फाटकाशी बादलीच्या नळाखाली हात धुतले, आत गेली, आणि डॉक्टरच समोरून आल्या.

"लिव्हरचे आकडे वाढलेत," त्या घाईत म्हणाल्या. "विषाणूचंच काम दिसतंय. दुसऱ्या वॉर्डातही एकाला असंच झालंय. बघू या."

अराबाचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. पण घोकलेलं तोंडातच राहिलं. दोष विषाणूवर जात होता. जाऊ दे ना. विषाणूची काय खानावळ आहे बंद पडायला? आता हंडीत काही टाकत नाही, मग झालं-गेलं सांगून कोणाचं भलं होणार? असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते तिला पटलंही. अडचणीत सापडलेल्या माणसाला स्वतःचं म्हणणं फार लवकर पटतं.

एकोचे डोळे पिवळे झाले. मग कातडी पिवळी झाली. मग तो भलतंच बोलायला लागला. अराबाला आईच्या नावाने हाक मारायचा, दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "आलं का? आलं का काही?" अराबाला वाटायचं, तापात बरळतोय.

अनोमाबोहून ओतूमामा आले. मामा म्हणजे आईचे भाऊ, घराण्याचे कर्ते. आमच्याकडे मामाच्या शब्दापुढे बापालाही तोंड उघडता येत नाही. वय झालं होतं, पण आवाज असा की रेडिओ लावायची गरज नाही. अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या, मावश्या-मावसभाऊ जमले, आणि कुकुआला बोलावणं गेलं. ती आली, आणि तिला कोणी बस म्हटलं नाही.

"आमचं पोर धडधाकट होतं," मामा म्हणाले. "तुझ्या काढ्याने त्याचं लिव्हर जाळलं."

"मामा, सगळ्या गावाने पाला उकळून प्यायला या वर्षी."

"सगळं गाव पिवळं पडलं नाही."

"पाला तर तुमच्याच अंगणातला आहे," कुकुआ म्हणाली आणि तिने कोपऱ्यातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसू दाबलं.

"झाड आमचं. हात तुझा," मामा म्हणाले. "विनेबाच्या बायकांच्या हातांचं काय ऐकायचं ते मी लहानपणापासून ऐकत आलोय." मग ते अराबाकडे वळले. "तू आत असतेस. डॉक्टरीण काय म्हणाली काढ्याबद्दल?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कुकुआचीही. तिच्या डोळ्यांत आशा होती, कारण अराबा तिच्याशी कधी वाकडी वागली नव्हती.

"काढा बंद करा म्हणाल्या," अराबा म्हणाली.

शब्द खरे होते. मामांनी काठी जमिनीवर आपटली. आजपासून कुकुआने दवाखान्याच्या फाटकाकडे फिरकायचं नाही आणि तिच्या चुलीवरचा घास एकोच्या तोंडात जायचा नाही, असं ठरलं. अराबा मूग गिळून बसली. आपण आता तोंड उघडलं तर कुकुआ तरी सुटेल, हे तिला कळत होतं. पण खुर्चीला खिळल्यासारखी ती बसून राहिली, आणि सभा उठली.

कुकुआ फिरकलीच. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीआड ती वाट बघत उभी होती. हातात झाकलेला वाडगा होता.

"ताई, मक्याची पेज आहे. आंबवलेल्या पिठाची, आलं घालून. पाला नाही, काही नाही. तुमच्यासमोर चाखून दाखवते हवं तर." तिने खरंच बोट बुडवून चाटलं. "एवढी त्याला द्या. मामांना कोण सांगतंय?"

अराबाने वाडगा घेतला. आत गेली. एको डोळे मिटून पडला होता. ती त्याच्यापर्यंत गेलीच नाही. व्हरांड्याच्या टोकाला मोरी होती, तिथे तिने पेज ओतली, वाडगा धुतला आणि पदराला पुसावा तसा झग्याला पुसला. मामांनी मनाई केलीय, असं ती मनात म्हणाली. पण खरं कारण तिला ठाऊक होतं. कुकुआच्या हातचं खाऊन त्याला उतार पडला असता, तर मग बिघाड कोणाच्या हातून झाला हे कोणीतरी विचारलं असतं.

ती बाहेर आली आणि तिने रिकामा वाडगा परत दिला.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"सगळं?"

"चाटून खाल्लं."

कुकुआने वाडगा छातीशी धरला. मास्कमागे ती हसत होती की रडत होती ते कळेना, दोन्ही असावं. "उद्या जास्त आणते," ती म्हणाली. "मासळीचं पाणी घालून आणू का? ताई, तुमचे उपकार कसे फेडू मी?"

ती वळून चालायला लागली. अराबा तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली. आजवर तिने जे केलं होतं त्याला काही ना काही नाव देता येत होतं. विसरले, घाबरले, मोठ्यांपुढे बोलता आलं नाही. या पेजेला कसलंच नाव देता येईना. हा निव्वळ नीचपणा होता, आणि त्यावर वर तिचे आभार मानले गेले होते. ती पुन्हा फाटकातून आत शिरली.

डॉक्टर सेलॉम जिन्याच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होत्या.

"डॉक्टर, पॅरा मीही दिलीय त्याला."

"किती?"

"मटणात."

"मटणात म्हणजे?"

"हंडीत. कुटून. मटण मऊ व्हायला."

डॉक्टरांनी हातातलं बिस्किट पाकिटात परत ठेवलं. "रोज?"

"रोज. आजारी पडल्यापासून जास्त. त्याला चाववत नव्हतं हो."

"एका वेळी किती?"

अराबाने मूठ उघडून दाखवली. डॉक्टर त्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"तेव्हा आठवलंच नाही. आईची शपथ. माझ्या लेखी ते औषधच नव्हतं."

"आणि आठवलं कधी?"

अराबाला वाटलं होतं, हा प्रश्न येणार नाही. "दुसऱ्या दिवशी सकाळी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले. ओरडणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं, आणि त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "याच्यावर उतारा असतो, बाई," त्या हळू म्हणाल्या. "पॅराच्या विषावर. जितका लवकर द्यावा तितका लागू पडतो. तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतंत तर..." उठून त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. "सुईतून द्यायचा असतो, तो इथे नाही. पण कफ पातळ करायला पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांत तेच औषध असतं. मिळतील तेवढ्या आणा. पळा."

सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावणारी अराबा मग पळाली. त्या वयात, झग्यासकट, चपला हातात घेऊन पळाली. उतारा असतो. हे दोन शब्द तिच्याबरोबर पळत होते. आपण गप्प बसलो ते सगळे दिवस त्या गोळ्या गाडीतळाजवळच्या दुकानात फळीवर पडून होत्या.

दुकानदार तिला बघून हसला आणि त्याचा हात आपसूक पॅराच्या खोक्याकडे गेला. "नेहमीचंच ना, आंटी अराबा?"

"नाही," ती म्हणाली. तिने कागद पुढे केला आणि तो काय विचारतोय ते न ऐकता गोळ्या घेऊन परत पळाली.

पाण्यात विरघळलेल्या त्या गोळ्यांना सडक्या अंड्याचा वास होता. एको थुंकायचा, ती पुन्हा ग्लास लावायची. तो शिव्या द्यायचा, ती म्हणायची, "दे, आणखी दे, पण पी." तिचं खाणं-झोपणं सुटलं. खानावळीला कुलूप होतं. आपला हात त्याच्या ओठांशी गेला की तिला स्वतःच्या हाताचीच भीती वाटायची.

आकडे वाढायचे थांबले. मग हळूहळू उतरायला लागले. एकोचं बरळणं बंद झालं. एक दिवस त्याने अराबाला अराबा म्हणून हाक मारली, आणि ती व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली.

"कशामुळे झालं होतं, डॉक्टर?" तिने विचारलं. "माझ्यामुळेच ना?"

"विषाणू होता, घरच्या गोळ्या होत्या, तुमची हंडी होती. कोणाचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर सेलॉम म्हणाल्या. "तुमची हंडी नसती तर इतकं झालं नसतं, एवढं मला वाटतं. पाला वाईटच, पण त्याचा वाटा मला सगळ्यांत कमी वाटतो."

ओतूमामांना उतार पडल्याचं कळलं आणि अंगणात पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. मामांनी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारूची धार सोडली. "बायकोला दूर ठेवलं, बहिणीने रस्सा पाजला, म्हणून पोर वाचलं," ते म्हणाले. "रक्त ते रक्त." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका मावशीने अराबाच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली अराबाचं अंग आक्रसलं.

ती उभी राहिली आणि तिने सांगितलं. गोळ्या, हंडी, त्याला पाजलेला रस्सा, गप्प बसलेली ती सकाळ, सगळं. बोलताना ती मामांच्या वहाणांकडे बघत होती.

मग मामा म्हणाले, "तू दमलीयस."

"दमले नाही, मामा. खरं सांगतेय."

"डॉक्टरणीची खात्री आहे?"

"पूर्ण खात्री नाही म्हणाली. पण..."

"मग झालं तर. तिला एवढं शिकून खात्री नाही, तू कशाला खात्रीने बोलतेस? मी तुझ्या हंडीतलं आयुष्यभर खाल्लं. मेलो का?"

"आणि हे बाहेर बोलू नको बाई," मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक पळेल."

"लोकाच्या लेकीची चूक आपल्या उंबऱ्यात कशाला आणतेस?" मामांनी ग्लास पुढे केला. "घे, घोटभर घे. बरं वाटेल."

एवढं धैर्य गोळा करून तिने पदरातला विस्तव पुढे केला होता, आणि या माणसांनी तो बघायलाच नकार दिला. त्यांना अराबा निर्दोष हवी होती, कारण कुकुआ दोषी असणं सोयीचं होतं. अराबाला त्यांचा संताप आला. मग तिच्या लक्षात आलं की आठवड्यापूर्वी तिलाही ते तितकंच सोयीचं होतं. ग्लास तसाच ठेवून ती निघाली.

एको खाटेवर उशीला टेकून बसला होता. डोळ्यांत पिवळेपणा अजून होता, पण नजर ठिकाणावर होती. शेजारच्या खाटांवर जेवणाचे डबे उघडत होते. अराबाने स्टूल ओढलं आणि त्याला सगळं सांगितलं. मामांना सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगितलं, कारण पेजेचं तिथे ती बोलली नव्हती.

एको ऐकत राहिला. गोळ्यांचं ऐकून तो थोडा हसल्यासारखा झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी किनाऱ्यावर त्या औषधाच्या कंपनीची जाहिरात करत होतो," तो म्हणाला. "बरं. मेलो नाही. पुढे?"

"पुढे कुकुआने पेज आणली होती. मी मोरीत ओतली. आणि तिला सांगितलं, तू खाल्लीस."

एकोचं हसू गेलं. "एकदाच आणली?"

"नंतर रोज आणली. औषध सुरू झाल्यावरही रोज. मी फाटकाबाहेरच तिच्या हातून घेतली आणि प्रत्येक वेळी ओतली. आधी खोटं बोलले होते ना, मग ते निस्तरता येईना."

त्याला दम लागला होता. "या खाटेवरून दार दिसतं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या घरचे वाडगे येताना दिसतात. तुझा डबा यायचा, पण तिचा वाडगा येईना. मी विचारायचो तुला, आलं का काही."

"मला वाटलं तू तापात..."

"मला वाटलं, तिने सोडलं मला. आजारी माणूस कोणाला हवा असतो, म्हटलं, बरोबरच आहे तिचं." त्याने तोंड भिंतीकडे केलं. "लिव्हरचं काही वाटत नाही, अराबा. पण मी इथे पडून तिच्याशिवाय मरायची तयारी करत होतो. ते तू बघत होतीस."

अराबाने त्याच्या पायाला हात लावला. त्याने पाय काढून घेतला नाही, पण वळलाही नाही.

"तिला फोन लाव," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "म्हणावं, भूक लागलीय."

"मामांनी बंदी..."

"भूक मला लागलीय. मामांना नाही."

ती व्हरांड्यात गेली. नंबर दोनदा चुकला. कुकुआने पहिल्याच घंटेला उचलला. "ताई? आज उशीर झाला मला, निघतेच आहे. काल खाल्लं ना त्याने सगळं?"

"नाही," अराबा म्हणाली. "काल नाही, परवा नाही. तुझ्या हातचं त्याने एकदाही खाल्लेलं नाही, कुकुआ. मी ओतून देत होते. काढ्याने काही झालं नाही, झालं ते माझ्या हंडीने, तेही तुला आल्यावर सांगते. हवं तर मला फाटकाशीच मार. पण आधी ये. त्याला भूक लागलीय, आणि तो तुझंच मागतोय."

पलीकडून शिवी आली नाही, रडणं आलं नाही. अराबा फोन कानाला लावून उभी राहिली. मग लांबून, फोन कुठेतरी खाली ठेवल्यासारखा, चुलीवर भांडं चढवल्याचा आवाज आला.